विश्लेषण : शर्यत जिंकली, ट्रॉफी मात्र दुसऱ्यालाच! कोण होते वेंडेल स्कॉट?

लोणी काळभोर : १ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातील जॅक्सनव्हिल येथे अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर मोटारींची शर्यत झाली. ठरल्याप्रमाणे २०० फेऱ्या होत्या. ३४ क्रमांकाच्या जुन्या शेव्हरोलेने सगळ्यात आधी २०० फेऱ्या पूर्ण केल्या, पण निशाण पडलेच नाही. ती गाडी आणखी दोन फेऱ्या पळाली. त्यानंतर निशाण दाखवले गेले ते बक बेकर या दुसऱ्याच ड्रायव्हरला. ट्रॉफी त्याच्या हातात गेली, विजेत्याचे फोटो त्याचे निघाले. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाल्याचे आयोजकांनी मान्य केले आणि खरा विजेता वेंडेल स्कॉट असल्याचे जाहीर केले. तोवर बेकर ट्रॉफी घेऊन निघून गेला होता.

स्कॉट कृष्णवर्णीय होते. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत शर्यत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर. स्कॉट १९९० मध्ये वारले. त्यांच्या कुटुंबाच्या हाती नॅसकारने ट्रॉफी दिली ती २०२१ मध्ये, म्हणजे शर्यतीनंतर जवळपास ५८ वर्षांनी.

स्टॉक कार म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे रेसिंग म्हटले की फॉर्म्युला वन डोळ्यांसमोर येते. उघडी चाके, विमानासारखा आकार, रस्त्यावर कधीच न दिसणारी गाडी. स्टॉक कारची कल्पना उलटी आहे. बुलेटवाले ‘स्टॉक सायलेन्सर’ म्हणतात, त्यातला ‘स्टॉक’ तोच. म्हणजे कंपनीतून आला तसा, बदल न केलेला. शोरूममध्ये मिळणारी चारचाकी घ्यायची, तीच ट्रॅकवर उतरवायची, असा हा खेळ सुरू झाला. आजच्या नॅसकारच्या गाड्यांत शोरूमच्या गाडीचे फारसे काही उरलेले नाही. स्कॉट यांच्या काळात मात्र बॉडी आणि इंजिनाचा साचा कंपनीचाच असे. सुरक्षेसाठी आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवायचा आणि बाकी इंजिनावर हात चालवायचा.

बहुतेक ट्रॅक अंडाकृती. गाड्या सतत डावीकडे वळतात. लहान गावांतल्या ट्रॅकवर डांबर नसे, माती असे. दोन-तीन फेऱ्यांत धुरळा इतका उडे की मागच्याला पुढचा दिसत नसे. बैलगाडा घाटावर उभे राहिलेल्याला त्या धुरळ्याची कल्पना सहज येईल. फरक इतकाच की इथे तो तासाभराहून अधिक काळ उडत असे.

या खेळाचे मूळ हातभट्टीत आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावरही दक्षिणेतल्या डोंगराळ भागात कर चुकवून दारू गाळण्याचा धंदा चालूच राहिला. रात्री माल शहरात पोहोचवायचा तर पोलिसांच्या गाडीपेक्षा वेगवान गाडी हवी. शिवाय ती बाहेरून साधी दिसली पाहिजे. पोरांनी फोर्डच्या व्ही-८ गाड्यांची इंजिने सुधारली, माल भरल्यावर मागची बाजू बसू नये म्हणून स्प्रिंगा कडक केल्या आणि मागच्या सीट काढून टाकल्या. कोणाची गाडी वेगवान, हे ठरवायला रविवारी शेतात शर्यती लागू लागल्या. त्याच शर्यतींना शिस्त लावून बिल फ्रान्स या माणसाने १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था उभी केली. हातभट्टीवर छापा पडल्याच्या बातम्या लोणी काळभोर परिसरातल्या वाचकांना नव्या नाहीत. पण त्यातून देशातला एक मोठा खेळ जन्माला यावा, हे अमेरिकेतच घडले.

गिरणीत जायचे नाही, हे आधीच ठरले होते

वेंडेल ऑलिव्हर स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे झाला. कापड गिरणी आणि तंबाखूची बाजारपेठ ही या गावाची ओळख. दुसरी ओळख अशी की गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचे सरकार १८६५ मध्ये कोसळत असताना शेवटचे काही दिवस डॅनव्हिलहून चालले. त्या शेवटच्या राजधानीत, छप्पन वर्षांनी, हा मुलगा जन्मला. शाळा, हॉटेल, बस, सिनेमागृह, सगळीकडे काळ्यांची जागा वेगळी होती.

वडील श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. मुलाला हत्यारांची ओळख घरातच झाली. लहानपणी तो सायकलवर गोऱ्या मुलांशी शर्यत लावायचा. गावातल्या काळ्या मुलांपुढे साधारण दोनच वाटा असत, गिरणी किंवा तंबाखूचा कारखाना. दुसऱ्याच्या हाताखाली राबायचे नाही, हे स्कॉट यांनी लवकरच ठरवले होते. शाळा अर्धवट सोडून ते टॅक्सी चालवू लागले. १९४३ मध्ये मेरी कोल्स यांच्याशी लग्न झाले. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात भरती झाले आणि युरोपात गेले. लष्करातही काळ्यांच्या तुकड्या वेगळ्याच होत्या.

परत आल्यावर त्यांनी डॅनव्हिलमध्ये गॅरेज टाकले. मेरी आणि वेंडेल यांना सात मुले झाली. गॅरेजच्या कमाईवर एवढे घर चालणे कठीण होते. म्हणून रात्री हातभट्टीची दारू पोहोचवण्याचे काम सुरू झाले. आडरस्ते त्यांना पाठ होते आणि गाडी त्यांनी स्वतः बांधलेली होती. १९४९ मध्ये ते एकदा पकडले गेले आणि प्रोबेशनवर सुटले. एरवी पोलिसांना त्यांच्या गाडीचा मागचा दिवाच दिसायचा.

पोलिसांनीच नाव सुचवले

१९५२ मध्ये डॅनव्हिलच्या ट्रॅकवर गर्दी कमी झाली होती. तिकिटे खपावीत म्हणून आयोजकांनी युक्ती काढली, एखादा काळा ड्रायव्हर मैदानात उतरवायचा. लोक त्याला हरताना बघायला तरी येतील. पण असा ड्रायव्हर आणायचा कुठून? त्यांनी पोलिसांना विचारले आणि पोलिसांनी वेंडेल स्कॉट यांचे नाव दिले. त्यांच्या मागे धावून दमलेल्यांपेक्षा अधिक जाणकार शिफारस कोणाची असणार?

२३ मे १९५२ रोजी स्कॉट दारू वाहण्याची एक जुनी गाडी घेऊन ट्रॅकवर आले. एरवी ते याच ट्रॅकवर काळ्यांसाठी वेगळ्या ठेवलेल्या बाकांवर बसून शर्यती बघत. प्रेक्षकांतल्या काहींनी हुर्यो उडवली. गाडी मध्येच बंद पडली. पण आपल्याला हेच करायचे आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. वय तेव्हा ३०. या खेळात तेही उशिराच.

रात्री गाडी दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी ते नॅसकारच्या एका शर्यतीला विन्स्टन-सेलमला गेले. काळ्या माणसाला उतरता येणार नाही, असे सांगून तिथल्या अधिकाऱ्यांनी परत पाठवले. पुढे आणखी एका ट्रॅकवर तोच अनुभव आला. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. जिथे दार उघडे असेल तिथे ते जात राहिले, नॅसकारबाहेरच्या लहान ट्रॅकवर. पहिल्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांच्या आतच लिंचबर्ग येथे त्यांनी एक छोटी शर्यत जिंकली.

नॅसकारचे लायसन्स त्यांना मिळाले ते जवळजवळ मागच्या दाराने. एका ट्रॅकवरच्या अर्धवेळ अधिकाऱ्याने पुढे त्रास होईल अशी सूचना देऊन कागदावर सही केली. मुख्यालयाला हे कळले तेव्हा तिथे नाराजी झाली, पण लायसन्स रद्द झाले नाही. १९५४ मध्ये एका आयोजकाने बाहेरून आलेल्या सगळ्या गोऱ्या ड्रायव्हरना पेट्रोलचे पैसे दिले आणि स्कॉट यांना नाकारले. स्कॉट थेट बिल फ्रान्स यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. फ्रान्स यांनी खिशातून पैसे काढून दिले आणि नॅसकारमध्ये तुमच्याशी भेदभाव होणार नाही, असा शब्द दिला. हा शब्द किती पाळला गेला, ते जॅक्सनव्हिलला दिसले.

स्कॉट यांनी खालच्या गटांत शंभराहून अधिक शर्यती जिंकल्या. १९५९ मध्ये व्हर्जिनिया राज्याचे स्पोर्ट्समन गटाचे विजेतेपद मिळवले. मग मार्च १९६१ मध्ये, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, ते नॅसकारच्या सर्वोच्च ‘ग्रँड नॅशनल’ मालिकेत उतरले.

गोटा झालेले टायर आणि घरचेच क्रू

इथे पैशाचे गणित समजून घेणे गरजेचे आहे, नाहीतर स्कॉट यांच्या नावावर एकच विजय का, हे कळणार नाही.

साठच्या दशकात फोर्ड, क्रायस्लर अशा कंपन्या निवडक ड्रायव्हरना नवी गाडी, इंजिने, सुटे भाग आणि मेकॅनिक पुरवत. रविवारी शर्यत जिंकणारी गाडी सोमवारी शोरूममध्ये विकली जाते, हा त्यामागचा हिशेब. स्कॉट यांना अशी कंपनी कधीच मिळाली नाही. ते दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या गाड्या विकत घेत. जॅक्सनव्हिलला जिंकलेली शेव्हरोलेही नेड जॅरेट या मोठ्या ड्रायव्हरकडून घेतलेली जुनी गाडी होती. टायर बहुतेकदा वापरलेले. इंजिन स्वतः उतरवायचे, स्वतः बांधायचे, ट्रॅकपर्यंत गाडी स्वतः ओढून न्यायची, मग तीच पळवायची. पिटमध्ये मदतीला मुलगे वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक. वाटेतली बरीच हॉटेले काळ्यांना खोली देत नसत, त्यामुळे गाडीतच झोपायचे.

एखाद्या टँकरचालकाला विचारा, नवे इंजिन आणि दोनदा बोअर केलेले इंजिन यांत फरक काय. नवे इंजिन तुम्ही ताणू शकता. जुने ताणले की बसते. स्कॉट यांच्याकडे बहुतेकदा दुसरे इंजिन नसे. शर्यतीत इंजिन फुटले तर बक्षीस बुडते आणि पुढच्या आठवड्याची शर्यतही बुडते. म्हणून ते गाडी राखून चालवत. जिंकण्यापेक्षा पूर्ण करणे महत्त्वाचे, कारण पैसे आणि गुण दोन्ही शेवटपर्यंत टिकणाऱ्याला मिळत. समोरच्याला गाठता येईल हे दिसत असताना पाय उचलायचा, हे वेगाच्या माणसाला किती जड जात असेल याचा विचार करून बघा.

आकडे त्या दृष्टीने वाचायला हवेत. सर्वोच्च मालिकेत ४९५ शर्यती, विजय एक, पहिल्या पाचात २० वेळा, पहिल्या दहात १४७ वेळा. म्हणजे साधारण दर तीन-साडेतीन शर्यतींत एकदा, भंगाराच्या जवळ पोहोचलेल्या गाडीने, कंपन्यांच्या संघांमध्ये पहिल्या दहात. १९६६ मध्ये संपूर्ण मोसमाच्या गुणतक्त्यात ते सहावे आले. पुढची तीन वर्षेही ते पहिल्या दहात राहिले. या लेखकाच्या मते त्यांच्या कौशल्याचा खरा पुरावा तो एक विजय नाही, हे १४७ आहेत.

ट्रॅकवरचे वैर वेगळेच. एक गोरा ड्रायव्हर त्यांना मुद्दाम धडका देऊन बाहेर काढत असे. गाडी दुरुस्त करायला दर वेळी पैसे लागत आणि उलट धडक दिली तर मैदानावर काय होईल याची शाश्वती नव्हती. शेवटी एकदा शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या संथ फेरीत स्कॉट यांनी शेजारून चाललेल्या त्या ड्रायव्हरला खिडकीतून पिस्तूल दाखवले. त्यानंतर धडका थांबल्या. हा प्रसंग कौतुकाने सांगितला जातो. एरवी ते शांत राहण्यासाठी ओळखले जात. रागाच्या भरात एक चूक झाली असती तर लायसन्स गेले असते, हे त्यांना माहीत होते. जॅरेट यांच्यासारखे काही गोरे ड्रायव्हर त्यांचे मित्रही होते, हेही सांगायला हवे.

जॅक्सनव्हिलला काय झाले?

१९६३ हे साल साधे नव्हते. जूनमध्ये स्कॉट यांच्याच डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी निदर्शने करणाऱ्यांना पोलिसांनी बेदम मारले होते. ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या उपस्थितीत वॉशिंग्टनचा प्रचंड मोर्चा निघाला. नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली. त्यानंतर नवव्या दिवशी ही शर्यत होती.

२५ फेऱ्या शिल्लक असताना स्कॉट यांनी रिचर्ड पेटी यांना मागे टाकले. पेटी म्हणजे पुढे या खेळाचे सम्राट ठरलेले नाव. त्या काळी फेऱ्या मोजायला संगणक नव्हता. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद घेऊन बसे आणि गाडी समोरून गेली की नोंद करी. अशा पद्धतीत घोळ होत आणि निकाल नंतर बदलतही. त्यामुळे केवळ मोजणीची चूक, हा बचाव अगदीच अशक्य नव्हता. पण चूक एका फेरीची नव्हती. दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा स्कॉट दोन फेऱ्या पुढे होते. ती गाडी दोनदा जास्त समोरून गेली आणि निशाणवाल्याला दिसली नाही?

त्या वेळी विजेत्याला ट्रॉफी देताना एक सुंदरी त्याच्या गालाचे चुंबन घेत असे. गोऱ्या मुलीने काळ्या माणसाचे चुंबन घेतले असते तर दक्षिणेतल्या त्या गर्दीत काय झाले असते, ही भीती या ‘चुकी’मागे होती असे स्कॉट कुटुंबाने आणि अनेक अभ्यासकांनी मानले. बक्षिसाचे १००० डॉलर स्कॉट यांना मिळाले, विजयाची नोंदही झाली. टाळ्या, फोटो आणि ट्रॉफी मात्र नाही. पुढे त्यांना लाकडाची एक साधी ट्रॉफी देण्यात आली, तिच्यावर त्यांचे नावही नव्हते.

पुण्याच्या वाचकाला यात अनोळखी काही वाटू नये. पुण्याच्या जिमखान्यावर खेळपट्टी तयार करणारे पळवणकर बाळू हे आपल्या काळातले सर्वोत्तम फिरकी गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. चेंडू टाकताना जात आड येत नव्हती. पण चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधी आले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ मध्ये मिळाले.

टॅलाडेगाचा अपघात आणि नंतर

१९७३ मध्ये स्कॉट यांनी कर्ज काढून चांगली मर्क्युरी गाडी घेतली. वय ५१ होते. मोठ्या, वेगवान ट्रॅकवर कंपनीच्या गाड्यांशी बरोबरी करायची ही बहुधा शेवटची संधी होती. मे महिन्यात अलाबामातील टॅलाडेगा येथे, सव्वाचार किलोमीटरच्या त्या ट्रॅकवर, शर्यतीच्या सुरुवातीलाच एका गाडीचे इंजिन फुटून तेल सांडले आणि वीसेक गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्यात स्कॉट यांच्या बरगड्या, कंबरेचे हाड आणि दोन्ही गुडघे मोडले. गाडी गेली, कर्ज राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लट येथे ते पुन्हा एकदा उतरले आणि बारावे आले. ती त्यांची सर्वोच्च मालिकेतली शेवटची शर्यत. त्यानंतर ते डॅनव्हिलच्या गॅरेजमध्ये परतले.

१९७७ मध्ये त्यांच्या आयुष्यावर ‘ग्रीस्ड लाइटनिंग’ हा चित्रपट आला. विनोदवीर रिचर्ड प्रायर यांनी स्कॉट यांची, तर पॅम ग्रिअर यांनी मेरी यांची भूमिका केली. मुलांसोबत ‘कार्स ३’ पाहिलेल्यांना आणखी एक खूण सापडेल. त्यातले रिव्हर स्कॉट हे जुन्या गाडीचे पात्र त्यांच्यावरूनच बेतले आहे.

मणक्याच्या कर्करोगाने २३ डिसेंबर १९९० रोजी डॅनव्हिल येथे त्यांचे निधन झाले. वय ६९. त्यांच्या हयातीत सर्वोच्च मालिकेत दुसऱ्या कोणा कृष्णवर्णीय ड्रायव्हरने शर्यत जिंकली नाही.

मानसन्मान नंतर आले. गावातल्या एका रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. २०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. तिथे पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर. २०२० मध्ये नॅसकारने आपल्या मैदानांवर जुन्या दक्षिणी राज्यांचा, म्हणजे गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्यांचा झेंडा फडकवण्यास बंदी घातली. स्कॉट यांची सगळी कारकीर्द त्याच झेंड्यांच्या गर्दीसमोर गेली होती.

२८ ऑगस्ट २०२१ रोजी, त्यांच्या शंभराव्या जयंतीच्या आदल्या दिवशी, डेटोना येथे जॅक्सनव्हिलच्या विजयाची नवी ट्रॉफी कुटुंबाला देण्यात आली. ती घ्यायला मुलगा फ्रँक आणि इतर कुटुंबीय मैदानावर होते. त्यानंतर सदतीस दिवसांनी, पावसामुळे लवकर थांबवावी लागलेली एक शर्यत बबा वॉलेस या ड्रायव्हरने जिंकली आणि सर्वोच्च मालिकेत जिंकणारे ते दुसरे कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरले. ट्रॅक होता टॅलाडेगा.